‘आज्ञाधारक’ तेवढं खोडा

सन्माननीय अध्यक्षमहाशय, म्हणजे आपल्या जनावरांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर, व्यासपीठावरील मान्यवर, तपासणी विभागातील सहकारी आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार. निवृत्त होणाऱ्याच्या बायकोने आभाराचे दोन शब्द बोलावेत, एवढंच मला सांगितलं होतं. मी मॅट्रिक झालेली गृहिणी, दोनच बोलणार होते. पण आत्ता मानपत्र वाचलं गेलं आणि त्यात यांना ‘आज्ञाधारक’ म्हटलंय. म्हणून थोडे जास्त होतील.

यांनी चौतीस वर्षं काय केलं, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. लंगडणाऱ्या जनावराच्या सांध्यात सुई घालून डॉक्टर पाणी काढतात. सांध्याचं वंगणच ते. हे त्याचा रंग बघणार, दोन बोटांत धरून तार किती निघते ते बघणार, मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणार. निरोगी सांध्याची तार लांब, पू झालेल्याची तुटकी. घरी पाकाची तारही हेच बघायचे आणि मी दरवेळी विचारायचे, “हात धुतलेत ना?”

असो. सांगायचंय ते घोडीचं. तिसऱ्या रांगेत बसलेत त्या घोडागाडीवाल्या दादांची घोडी. पुढचा गुडघा सुजलेला. पाणी काढून नळीत ठेवलं आणि सगळे जेवायला गेले. परत येऊन मोठे डॉक्टर बघतात, तर नळीत जेलीसारखा गोळा.

“गोठलंय. सांधा सडला. घोडीला इंजेक्शन देऊन मोकळं करा.”

दादा हात जोडून साहेबांपुढे उभे राहिले.

हे म्हणाले, “साहेब, नळी जरा हलवून बघू?”

“तुम्ही मला शिकवणार?”

“मी कुठला शिकवणार, साहेब! नळीच सांगेल.”

चांगल्या सांध्याचं पाणी स्वस्थ ठेवलं की आळतं आणि हलवलं की पुन्हा वाहतं. रक्ताची गुठळी तशी सुटत नाही. यांनी नळी हलवली, पाणी सुटलं. तार लांब, पेशी मोजक्या. तरी हुकूम झाला, “अहवालात गोठलं असंच लिहा.” का? तर साहेबांच्या तोंडून एकदा शब्द गेला होता! हे ऐकेनात. दिसलं तेच लिहिलं आणि अहवाल थेट दादांच्या हातात दिला. मुका मार होता हो. दीड महिना विश्रांती घेऊन घोडी पुढे नऊ वर्षं गाडीला चालली. आणि यांच्या सेवापुस्तकात शेरा आला, ‘वरिष्ठांचा आज्ञाभंग’. बढती गेली ती गेलीच.

त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, “माझं चुकलं का गं?” मी देवापुढे दिवा लावत होते. म्हटलं, “खोटं लिहून आला असतात, तर इथे हात जोडायला उभं केलं नसतं तुम्हाला.”

हे मला खुणेने बसायला सांगताहेत. बसत नाही.

अध्यक्षमहाशय, सेवापुस्तकात ‘आज्ञाभंग’ आणि मानपत्रात ‘आज्ञाधारक’, दोन्ही खरं कसं असेल? शेरा पुसा असं मी म्हणत नाही. शेरा खराच आहे! यांनी आज्ञा मोडली म्हणून घोडी वाचली. त्याखाली एवढंच लिहा, की आज्ञा चुकीची होती. आणि मानपत्रातला तो शब्द खोडा. तोवर आम्ही ते घरी नेणार नाही. चौकट चांगली आहे, पण खोटं टांगायला आमच्या भिंतीवर खिळा नाही.

इतकी वर्षं यांना सांभाळून घेणाऱ्या सर्व सहकाऱ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. घालवत नसेल तर माझ्यावर खुशाल शेरा मारा. पण आधी तो शब्द. हे घ्या पेन.