निळ्या दारामागच्या मावशी

रंगीत घरांच्या गल्ल्यांतून कानात माहिती ऐकत एकट्यानं फिरण्यासाठी मिळणारे हेडफोन घ्यायला एक शिक्षिकाबाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढची बाई मात्र हेडफोन देणाऱ्या माणसाशी भांडायला आली होती.

"ते वाक्य काढा. 'निळ्या दारावर टकटक करा, आतल्या मावशी हसून स्वागत करतील.' माझी आई जाऊन दीड महिना झाला."

"वाईट झालं, ताई. पण रेकॉर्डिंग वर्षातून एकदाच बदलतं."

"आणि तोवर? दिवसाला तीस जण दार वाजवतात."

"दाराला दुसरा रंग देऊन बघा."

"तो आईनं स्वतःच्या हातानं दिलाय. तुमच्या वाक्यासाठी खरवडू?"

"चिडू नका हो. तुम्हीच उघडा, जरासं हसा. लोकांना तेवढंच हवं असतं."

"काल उघडलं. रडून डोळे सुजले होते माझे. समोरचा गृहस्थ म्हणाला, 'लवकर हसा ना, पुढची माहिती सुरू झाली.'"





"वरच्यांशी बोलून बघतो, ताई."

"इथं नका बोलू. उद्या सकाळी माझ्या उंबऱ्यावर बसा आणि येईल त्याला सांगा, मावशी गेल्या म्हणून. माझी जीभ झिजली."