बाईची पोत माह्या डब्यात

मी मूळची मलकापूरची, लग्न होऊन मेहकरात आली अन् सासरचा धंदा हाती घेतला, पोती ओवाचा. पोत म्हंजे बायांच्या गयातले काये मणी अन् मधात सोन्याचं डोरलं. कोणाले लांब पायजे, कोणाले आखूड. काय सांगू तुम्हाले, बाजारात बसलं का मी तोंडं नाई पाहत, गयेच पाहतो.

म्हणून गाठी दिसतात मले. नरड्याखाली, सुपारीएवढी, घोट गियला का वर जाते. त्या बाया म्हणतात, पोत आखूड ओव व, झाकली पायजे. आमची थोरली जाऊ बी त्यातलीच, मी तिले बाईच म्हणतो. आखूडच घालते, अन् मंग म्हणे काचते, मणी घाल. पुन्हा काचते, पुन्हा घाल. बाई तं जाडी नाई होऊन राह्यली, मंग पोत काऊन कमी पडून राह्यली? गाठच वाढून राह्यली, दुसरं काय.

तेवढ्यात माह्याच गयात गाठ निघाली. लय रडली मी. लेकीनं बुलडाण्याले नेलं तं डॉक्टरीणबाई म्हणे, मावशी, थायरॉइडच्या अशा गाठी लय जणांले असतात, कितीकाले तं माहीत बी नसते, बायांत जास्त अन् वय वाढलं का अजून जास्त, बहुतेक साद्याच असतात, पण तुमची सुई टोचून पाहू. सुई झाली, सादी निघाली.

घरी येऊन म्हटलं, बाई, आता तुमची दाखवू. नाई म्हणे, सुई लागली का गाठ चिडते अन् अंगभर पसरते. माही चिडली का मंग? तं म्हणे तुही लहान होती. इकडे तिचा आवाज बसून गेला, घास अडकते, अन् विचारलं तं म्हणे सर्दी हाय. राग बी येते अन् रडू बी येते बाप्पा.

परवा पुन्हा पोत घेऊन आली, काचते म्हणे. मी दोरा कापला. नवरा जिता असलेल्या बाईचा गया उघडा नाई ठेवत आमच्यात, पोत ओवून होईलोक दोऱ्यात हळकुंड बांधतात. ते बांधलं तिले, अन् मणी डब्यात टाकून झाकण लावलं. म्हटलं, बाई, सुई टोचून या, मंग ओवतो. राती भाकर वाढली, ते बी ताट आपटून.

काल सकाळी पाहतो तं नवं लुगडं नेसून दारात उभी. पदर बी ओढला नाई, हळकुंड अन् गाठ दोन्ही उघडे. म्हणे, चाल व, यष्टी निघून जाईन.

सुई झाली. रिपोर्ट अजून याचा हाय. बहुतेक साद्याच असतात, हे मी बी तिले दहांदा सांगतो, पण तिच्या पोतीत मणी मीच घालत आली ना, मले भेव वाटते. आता हे पाहा, तिचीच ओवून राह्यली. या बारीनं लांब ओवतो, पार छातीलोक. गाठ कशी बी निघो, बाईले काचाले नाई पायजे. ठेव रे महाराजा तिले सुखरूप.