शेवंताकाकी शाळेच्या बाई कशा झाल्या

या, बसा. मागची मंडळी जरा पुढे सरका—खांबाला टेकून बसलात की पाच मिनिटांत घोरता, मला ठाऊक आहे! पेटीवाले, सूर नुसता धरून ठेवा. वाजवू नका, धरून ठेवा. हां... असा. पहाटे पाण्यावर धुकं पसरतं ना, तसा.

आज गुरुपौर्णिमा. म्हणून मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. माया पुरते का? एखाद्याच्या मनात पोरांविषयी अपार माया आहे, चार अक्षरं येतात, पोरं त्याच्याभोवती गोळा होतात—झाला का तो गुरुजी? मग सरकार म्हणतं शिका, परीक्षा द्या, पात्रतेचा कागद आणा—हे सगळं कशाला?

पुढे तात्या मान डोलावतायत. काय तात्या, माया पुरते म्हणता? बरं! मग परवा दाढ ठणकत होती तेव्हा मायेच्या माणसाकडे का नाही गेलात? दातांच्या डॉक्टरकडे कशाला पळालात?—हसू नका, हसू नका. तात्यांची दाढ सुटली, आपला प्रश्न तसाच आहे. तर ऐका, मंडळी.

सह्याद्रीच्या कुशीत एका मोठ्या धरणाचा फुगवटा आहे. फुगवटा म्हणजे धरणानं मागे अडवलेलं पाणी—डोंगराच्या घडीघडीतून आत शिरलेलं, निळं, गप्प. त्या पाण्याच्या काठाला कुसवली नावाचं गाव. तीस-पस्तीस घरं. रस्ता नाही. यायचं तर लाँचनं, जायचं तर लाँचनं. ती लाँच चालवायचा सोपान संकपाळ, आणि त्याची बायको शेवंता.

शेवंता बारावी शिकलेली. त्या गावात सुनांमध्ये तेवढी शिकलेली तीच! शाळेत दुपारची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडे. शाळा केवढी? दोन खोल्या, चार इयत्ता, बावीस पोरं आणि एकटे लोहार गुरुजी. गुरुजी चौथीला भागाकार शिकवायला लागले की पहिलीची पोरं एकमेकांच्या पाट्या चाटायची! एक दिवस गुरुजी वैतागून म्हणाले, "शेवंता, चुलीवरचं होईतो एवढी लहानं सांभाळ गं."

सांभाळली. दुसऱ्या दिवशीही सांभाळली. मग हातात डावाच्या जागी खडू आला. काय शिकवायची म्हणता! चिंचोके मोजून बेरीज, पाण्याच्या काठानं चालत मुळाक्षरं. पोरं तिला काकी म्हणायची आणि घरी जायला मागायची नाहीत. तीन वर्षं असं चाललं. गाव म्हणायचं, शेवंताला देवानंच शिकवायला पाठवलीय.

त्या पोरांत एक होती राही. शेजारच्या गोदाची मुलगी, आठ वर्षांची. मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि खिडकीतून पाण्याकडे बघत राहायची. काही विचारलं तर गोड हसायची. उत्तर नाही! बोलायची तेही अर्धं, तुटकं. शेवंतानं सुरुवातीला प्रयत्न केला. मग तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "असू दे गं बाय. देवानं तुला अशीच केलीय." त्या दिवसापासून राहीला प्रश्न विचारणं बंद. खिचडी मात्र तिच्या ताटात एक डाव जास्त! आणि गोदाला सांगून टाकलं, "वैनी, पोरगी जरा मंद हाय. रागवू नका तिला. मी हाय न्हवं."

बघा! यात कुठं दुष्टपणा आहे? एक तरी कठोर शब्द आहे? नाही. मायाच माया आहे. लक्षात ठेवा आणि पुढे चला.

एके सकाळी लाँचमधून एक बाई उतरल्या. मोकाशी बाई, शाळा तपासणाऱ्या अधिकारी. वर्गात आल्या तर शेवंता नाचून नाचून पाढे म्हणून घेतेय! बाई दारातच उभ्या राहिल्या. पाढा संपला तेव्हा म्हणाल्या, "फार छान. आपण कुठून डी.एड. केलंत?"

शेवंता म्हणाली, "मी खिचडी करते."

गुरुजींनी मान खाली घातली. मोकाशी बाई ओरडल्या नाहीत, बरं का. चहा घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून वर्गात उभं राहायचं नाही. पात्रता नसलेल्या माणसाच्या हाती वर्ग देता येत नाही."

शेवंताचे डोळे भरले. "पर बाई, मला येतंय की!"

"येतंय ते मी पाहिलं," बाई म्हणाल्या. "काय येत नाही, ते तुम्हाला माहीत आहे का?"

आणि लाँचमध्ये बसून निघून गेल्या. शेवंता काठावर उभी. राग आला, मंडळी! तीन वर्षं जीव लावला, त्याचं हे फळ? दोन दिवस घरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी सोपाननं विचारलं—तो पाण्यावरचा माणूस, कमी बोलणारा—"त्या कागदाला काय काय लागतं?"

"तालुक्याच्या अध्यापक विद्यालयात दोन वरसं शिकायचं. मग पात्रता परीक्षा. मग नोकरीची आणखी एक परीक्षा. मग यादी. यादीत नाव आलं तर तीन वरसं शिक्षणसेवक, आन् मग कायम."

सोपान म्हणाला, "पहिली लाँच सातला सुटते."

झालं! एवढंच बोलणं. काही घरांत याच गोष्टीवर सहा महिने भांडण चालतं.

बारावीचे गुण पुरेसे होते, प्रवेश मिळाला. बत्तिसाव्या वर्षी शेवंता विद्यार्थिनी झाली. रोज सकाळी सातला पाण्यावर पांढरं धुकं. समोरचा काठ नाही, मागचा काठ नाही, वर आभाळ कुठलं नि खाली पाणी कुठलं कळत नाही. त्या पांढऱ्या पोकळीत लाँचचा तेवढा आवाज—टुक टुक टुक—आणि शेवंताच्या मांडीवर उघडं पुस्तक. कधी कधी तिला वाटायचं, आपण झोपेतच आहोत, जाग येईल तेव्हा चुलीपुढे बसलेलो असू. सोपान एका हातानं सुकाणू धरायचा, दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन तिला प्रश्न विचारायचा. दूधवाले बापू रोज त्याच लाँचला. वर्षभरात बापूंना सगळं बालमानसशास्त्र पाठ! म्हशीशीसुद्धा समजुतीनं बोलायला लागले!

वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या. त्या तिला मावशी म्हणायच्या. पाठाचं टाचण म्हणजे आज काय, कशासाठी, कसं शिकवायचं ते आधी कागदावर मांडायचं. शेवंता मनात म्हणायची, हे कशाला? मी तर न मांडताच शिकवत होते!

आणि मग तो दिवस आला. पेटीवाले, सूर जरा खाली घ्या.

रणवरे सर वर्गात आले. म्हणाले, "आज पुस्तकं मिटा." कापसाचा पुडा काढला. "सगळ्यांनी कानात बोळे घाला. घट्ट. वरून रुमाल बांधा." पोरी खिदळल्या. शेवंतानं बोळे घातले, पदर कानांवरून गच्च ओढून बांधला, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

सर फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले. हळू आवाजात.

मंडळी, डोळे मिटा. खरंच मिटा क्षणभर. तुम्ही पाण्याखाली आहात. वर कुठंतरी माणसं हलताहेत. ओठ उघडतात, मिटतात. कुणीतरी हसलं—का हसलं? कुणीतरी वही उघडली—कुठलं पान? सगळे कशाला तरी मान डोलावतात, तुम्हीही डोलावता. एखादा शब्द तळाशी आल्यासारखा येतो, आणि हातात धरायच्या आत विरघळून जातो.

एवढ्यात सर वळले. शेवंताकडे बोट केलं. ओठ हलले. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. काय विचारलं? कुणास ठाऊक! मग तिनं काय केलं?

ती गोड हसली. आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

...उघडा डोळे.

कळलं? शेवंतालाही तिथंच कळलं. ते हसू तिचं नव्हतंच. ते हसू तिनं तीन वर्षं रोज समोर पाहिलं होतं! पदर सोडला, कापूस ओढून काढला, ताडकन उभी राहिली. "सर, मला घरला जायचंय. आत्ता!"

"काय झालं, संकपाळ?"

"माझ्या हातनं लई मोठी चूक झालीय."

दुपारच्या लाँचनं परतली. थेट गोदाच्या अंगणात. राही पाठमोरी बसून थापलेल्या ओल्या गोवऱ्यांवर काडीनं रेघा ओढत होती. शेवंतानं मागून हाक मारली, "राही!" हलली नाही. आणखी मोठ्यानं. नाही. परात उचलली आणि मागून डावानं ठणकन वाजवली. कोंबड्या उडाल्या, गोदा धावत बाहेर आली—राहीनं तेवढी मान किंचित कलती केली. जणू लांबच्या डोंगरात काही झालं.

शेवंता तिच्यासमोर मातीत बसली. तोंड तोंडासमोर आणलं. सावकाश, ओठ उघडून म्हणाली, "दोन... आणि तीन?"

राही तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग पंजा वर केला. पाच बोटं.

गोदानं सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "शेवंता, तूच म्हन्ली व्हतीस न्हवं, पोर मंद हाय? तीन वरसं मी तिला काय सांगायचंच सोडलं, तुझ्या शब्दावर."

शेवंतानं सबब सांगितली नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं, असंही म्हणाली नाही. म्हणाली, "माझं चुकलं, वैनी. उद्या आपण तिघी मोठ्या दवाखान्यात जाऊ."

गेल्या. कान तपासले. डॉक्टर म्हणाले, थोडं ऐकू येतं, यंत्रानं पुष्कळ येईल. चार-पाच खेपा झाल्या आणि राहीच्या कानाला यंत्र बसलं. परत येताना लाँचमध्ये राही घाबरून आईला चिकटलेली. इंजिनाचा आवाज तिला सोसवेना. सोपानच्या ते ध्यानात आलं. त्यानं पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद केलं.

सगळं शांत. डोंगर उलटे होऊन पाण्यात उतरलेले. लाँच आपली आपण हलतेय. राहीनं हळूच मान वर केली. कडेला सरकली, खाली वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"काकी," ती म्हणाली, तिच्या त्या अर्ध्या बोलीत, "पानी... वाज्तं?"

शेवंतानं होय म्हणून मान डोलावली. गोदानं शेवंताचा हात धरला, आणि काठ येईपर्यंत सोडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, झाली गोष्ट, आरती करा! थांबा. कागद कुठं मिळालाय अजून?

दोन वर्षं पुरी झाली, पदविका मिळाली. मग पात्रता परीक्षा. दीडशे गुणांची, नव्वद हवेत. शेवंताला पडले सत्त्याऐंशी! गोदा म्हणाली, "सोड की आता. तीन मार्कांनी काय व्हतंय? तू शिकलीस, माझी पोर बोलती झाली, पुरं झालं." शेवंता म्हणाली, "वैनी, पोरांना शिकवायची तवा मला वाटलं व्हतं सगळं येतंय. आता निदान एवढं तरी कळतंय, की अजून न्हाई येत."

विद्यालय संपलं तरी अभ्यास सोपानच्या लाँचवरच—पुन्हा पाणी, पुन्हा धुकं, पुन्हा मांडीवर पुस्तक. फरक एवढाच, की आता सुट्टीच्या दिवशी प्रश्न विचारायला राही समोर बसायची, आणि उत्तर चुकलं की टाळी वाजवून हसायची! दुसऱ्या खेपेला एकशे दोन. मग नोकरीची परीक्षा. मग यादीची वाट—दीड वर्ष! आणि शेवटी नाव आलं. कुठं? कुसवलीत नाही. शंभर मैलांवर, उघड्या माळावर, जिथं पिण्याचं पाणी टँकरनं येतं. देव असाच गमती करतो. सोपान दर शनिवारी तिकडे जातो म्हणे, आणि पाणी दिसत नाही म्हणून कासावीस होतो!

नेमणुकीच्या पहिल्या दिवशी शेवंता शाळेच्या दारात उभी होती. अंगावर नवं लुगडं, पिशवीत तो कागद. एक बाप पोराचं मनगट धरून ओढत आला. "बाई, हे कार्टं ठार मठ्ठ हाय. लागलं तर झोडा, आमची काय तक्रार न्हाई."

शेवंताबाईंनी पोराकडे पाहिलं, मग बापाकडे. "हे कुणी ठरवलं?"

"कुणी म्हंजे? आम्हीच. समदी म्हन्त्यात."

"मला पंधरा दिवस द्या," शेवंताबाई म्हणाल्या. "तोवर हा शब्द घरात काढायचा न्हाई. पंधरा दिवसांनी या. माझं कुठं चुकतंय, ते तवर मला सापडलेलं असंल."

असं म्हणाल्या! पोराचं नाही, माझं कुठं चुकतंय! मंडळी, त्या क्षणी त्या बाई झाल्या. कागद आधी आला होता, पण तो कागद त्यांना एवढं एक वाक्य म्हणता यावं म्हणूनच होता.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही कुणी शाळेत शिकवत नाही, खरं. पण घरात? आईबाप व्हायला पात्रता परीक्षा नाही. सासू व्हायला नाही, थोरला भाऊ व्हायला नाही. आणि बुवा व्हायला तर मुळीच नाही! माझा धाकटा भाऊ ऐन विशीत मुंबईला निघून गेला. घरात सगळे त्याला आळशी म्हणायचो, मी सगळ्यात मोठ्यानं. तो आळशी होता की आणखी काही होतं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला जावं, तर तो फोन उचलत नाही.

म्हणून सांगतो. घरी कुणीतरी भिंतीला टेकून बसलेलं असेल. तुम्ही त्याच्यावर एक शब्द चिकटवून, वर माया करत असाल. आज त्याच्यासमोर बसा. एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वेळ लागेल. थांबा.

चला, नामाचा गजर करू. पण आज टाळ नकोत. हळू म्हणायचं—इतकं हळू, की शेजारी बसलेल्याचा आवाज आपल्याला ऐकू येईल.