बाँड आणि बांध

माजं माहेर वेल्ह्याकडलं, पार डोंगरात, तितं भातलावणीला माज्या हातापुढं टिकंल अशी बाई नव्हती, आन लगीन होऊन आले हितं कामथडीला. आता ह्यो उजवा हात बगा, मनगट कसं वाकडं बसलंय, भाकरी थापली तर एका कडंनं जाडच ऱ्हाती. धाकट्या दिरानं मोडलं, दत्तूनं. तेवढं आदी लिवून घ्या.

काय सांगू तुमाला, वाटण्या झाल्या तवापासनं त्यो दर नांगरटीला आमचा बांध कोरायचा. एक डाव म्या आडवी झाले, भावजी, ट्रॅक्टर मागं घ्या म्हनलं, तर त्यानं खोऱ्याचा दांडाच घातला. मालक म्हनलं घरातलं हाय, मिटव. म्या म्हनलं, मनगट तुमचं न्हाई. केस केली, भोरच्या कोर्टात गुन्हा शाबीत झाला, आन जजसायबांनी पैलाच गुन्हा हाय म्हनून त्याला चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडला. हसत बाहेर आला त्यो. माज्या अंगाची नुसती आग झाली, घास ग्वाड लागंना.

मंग त्याच्यावर नजर ठेवायला नेमलेल्या मॅडम घरी आल्या, परिविक्षा अधिकारी म्हंत्यात त्यांना. त्यांनी फोड करून सांगितलं. सुटला न्हाई त्यो, शिक्षा नुसती थांबवून ठेवलीय. दारू प्यायची न्हाई, तुमच्या दारात येऊन तरास द्यायचा न्हाई, दर महिन्याला हजेरी लावायची. ह्यातलं मोडलं की मॅडम कोर्टाला कळवणार, समन्स निघणार, न्हाई आला तर वारंट, मंग त्याचं म्हननं ऐकून जज एखांद्या डावाला दंडावर सोडत्याल, न्हाईतर जुन्याच गुन्ह्याची शिक्षा देत्याल. म्या म्हनलं, मॅडम, चा घेऊन जावा. त्या दिशी म्या पोटभर जेवले.

आन ह्यो येडा काय समजला व्हता सांगू? वकील म्हनला बाँड मोडलास तर आत जाशील, ह्यानं ऐकलं बांध. खोटं न्हाई सांगत. गावभर म्हनत फिरायचा, बांधाला हात लावू नको म्हनलंय सायबानं. दगड रचून बांध नीट केला त्यानं, आन हजेरी दिली सोडून. पिऊन यायचा माज्या दारात, आईबहिनीवरनं शिव्या द्यायचा, वर म्हनायचा, वैनी, बांध जागच्या जागी हाय, माजं काय वाकडं करशील? त्याचं काय चुकतंय ते मला कळलं व्हतं. एका शब्दाचं काम व्हतं. म्या त्यो शब्द गिळला. दार उघडं ठेवायची, शेजारपाजार ऐकू दे म्हनून, आन मॅडमला फोन लावायची.

समन्स आलं, तर गडी मोबाईलात बांधाचं फोटू काढून कोर्टात हजर. सायेब, बगा, ढेकूळ हाललं न्हाई म्हनला. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. जजसायबांनी समद्या अटी परत वाचल्या, म्हनलं तवाबी ह्याच वाचल्या व्हत्या, खाली सही तुजीच ना? व्हय म्हनला. वकील म्हनला पैली चूक हाय, दंड करून सोडा. पर मॅडमचा अहवाल व्हता, शेजारीन बोलली, म्या बोलले. एक डाव न्हाई हे, लई डाव झालंय म्हनलं जजसायेब, आन मनगट मोडल्याची शिक्षा दिली. नेताना त्यानं माज्याकडं बघितलं. म्या पदर सावरला आन त्याच्याकडंच बघत ऱ्हायले.

आता सासू माज्या हातचं पानी पीत न्हाई. परवा म्हनली, तुला ठावं व्हतं, माज्या लेकाला सांगितलं असतंस तर तुजं काय जात व्हतं? म्या म्हनलं, आत्याबाई, दांडा उगारताना तुमच्या लेकानं मला सांगितलं व्हतं का? रडली ती. वाईट वाटलं का म्हनून इचारू नका, न्हाई वाटलं.

देव त्याला धडधाकट ठेवू दे. शंभर वर्सं जगू दे, सुखरूप घरी येऊ दे. रोज माज्या दारावरनं जाईल, खाली मान घालून जाईल, आन म्या ओट्यावर बसून बघीन. तेवढ्यासाटी मलाबी लई जगायचंय.