तांड्यावरचं तांब्याभर पाणी

तुम्ही हसान, पण तांब्याभर पाण्यापायी मी मार खाता खाता वाचलो. साठ-एकसष्टची गोष्ट. तवा मी नारूच्या रोगाचा तपास करत गावोगाव फिरून राह्यलतो. फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावर गेलतो, तिथल्या विहिरीच्या पायऱ्या बुजवायचा सरकारी हुकूम घेऊन; लोक नारूचे पाय घेऊन त्याच पायऱ्यांनी पाण्यात उतरत. तांड्याच्या नायकाची म्हातारी आई लंगडत लंगडत पाणी घेऊन आली. तिच्या पायातून निघत असलेला नारू काडीवर गुंडाळलेला होता. तांब्यात बारीक ठिपके उड्या मारून राह्यलते. मी म्हटलं, "मले नको."

नायक उठला.

"आमच्या हातचं चालत नाही काय, सायेब?"

"तसं नाही हो..."

"मंग आले कायले?"

मागं कोणीतरी काठी उचलली. प्यावं तर नारू, न प्यावं तर काठी! मी खिशातला रुमाल काढला, चौपदरी केला, दुसऱ्या भांड्यात पाणी गाळलं अन् सगळ्यांसमोर घटाघट पेलो. मंग रुमाल म्हातारीपुढं धरला, भिंग तिच्या हातात देलं.

"नारू या किड्यांतूनच पोटात जाते. पाहा."

ती लय वेळ पाहत राह्यली. मले वाटलं, आता ही आपल्या पायाकडं पाहते. तिनं पाह्यलंच नाही. पोराले म्हणाली, "इतकी वर्षं हे आपण पाहुण्याले पाजून राह्यलो?"

हुकूम माह्या खिशातच राह्यला. पायऱ्यांवर पहिला दगड तिनंच ठेवला.