चार लुगड्यांचं माप

...आता तुमीच सांगा, यात माझं काय चुकलं? पोरगी जावी म्हणून केलं व्हय मी? ती ऱ्हावी म्हणून केलं. तुमाला सांगते, जान्हवी, माझी भाडेकरीण, नांदेडची, तीन वर्षं माझ्या वरच्या खोलीत, हितं लवळ्याच्या डोंगरावर कॉलेजात कामाला, अन् काम काय, तर दिसत न्हाई ते मोजायचं. म्हटलं, म्हंजी काय गं? तर तिचं सुरू, 'मावशी, इलेक्ट्रॉनचा घोळका असतो, केसाच्या जाडीपेक्षा आखूड, पाइपातून उजेडाच्या वेगानं पळतो, तो किती लांब ते बघायचं.' म्हटलं, उभा कर अन् टेप लाव. 'तो थांबत नाही हो, अन् मधे काही घातलं तर बिघडतो.' म्हंजी थांबत न्हाई, हात लावायचा न्हाई, दिसत न्हाई, अन् ते मोजायचं. एवढा नखरा माझ्या नणंदेलाबी नव्हता.

त्यात बाहेरदेशचा मोठा साहेब बघायला येणार. त्याला पटलं तर काम चालू, न्हाईतर मशीन बंद अन् पोरगी नांदेडला परत. तिला घास जाईना. मलाबी जाईना... लेक दिली कासारसाईला, मालक टीव्हीपुढं, घरात माझ्याशी वाद घालायला दुसरं हाय कोण? म्हटलं, आधी मला सांग, मला कळलं तर साहेबाला कळंल. म्हणाली, 'घोळक्याच्या वाटेशेजारी एक स्फटिक ठेवते, घोळका जाताना त्यातून लेझर सोडते, लांब ताणलेला, तांबडा रंग पुढं, निळा मागं, मग ज्या रंगांवर खूण पडली...'

म्हटलं, थांब. हे आमच्या सासूबाईंनी केलंय.

व्हय, तुळजाबाईंनी. आता कॉलेजच्या गाड्या उभ्या ऱ्हातात ना, तितं आमचं भाताचं खाचर व्हतं. लावणी करून आमी सात जणी एकामागं एक घरी निघालो, डोक्यावर इरली, माना खाली, पुढं तांबडं लुगडं, मधी पिवळी-हिरवी, शेवटी निळं, म्हंजी मी, नवी नवरी. वाटंतल्या कुडाला एक भगदाड, अन् पल्याडनं हैबतरावाच्या म्हशी आमची रोपं तुडवीत पळाल्या, भगदाडातनं नुसता चिखल. किती म्हशी? इरल्याखालनं काय दिसतंय? हैबतराव म्हणतो, 'दोनच व्हत्या.' सासूबाईंनी आमाला त्याच रांगेनं अंगणात उभं केलं. पहिल्या दोघींच्या पदरावर शिंतोडा न्हाई, मधल्या चौघी चिखलानं भरलेल्या, माझा पदर साफ. म्हणाल्या, 'हैबत्या, चार बाया भगदाडावरनं जाईस्तवर तुझ्या दोन म्हशी काय तितं हळदीकुंकू घेत व्हत्या?' नऊ म्हशी कबूल केल्या त्यानं. काय हसलो व्हतो आमी... त्या सात जणींतल्या दोघी वारल्या, एक माण गावाला लेकाकडं, बाकीच्यांचे फोन लागत न्हाईत. अन् खाचरावर डांबर.

तर जान्हवीनं साहेबाला हेच सांगितलं, म्हशी म्हंजी घोळका, भगदाड म्हंजी स्फटिक, आमची रांग म्हंजी लेझर, लुगड्यांसकट. साहेब इतका खूश, इतका खूश, म्हणाला, काम चालूच ठेवायचं... जर्मनीत. त्यांचं यंत्र म्हणं मैलभर लांब हाय. जाताना गळ्यात पडली, 'मावशी, तुमच्यामुळं.' माझ्यामुळं! दिसत न्हाई ते मोजतीस ना, मग वरची खोली किती रिकामी झाली ते मोज की.

मग निरंजन आला, कंप्युटरवाला. म्हटलं, कामाला कुटं जाता? 'कुठंच नाही काकू, घरूनच करतो.' बाहेरदेशी? 'पासपोर्टच नाही.' तितंच चावी दिली. तीन आठवडे झाले, दार लावून आत. काल जेवायला हाक मारली, तर फोनवर उत्तर आलं, 'मीटिंगमधे आहे, काकू.' ताट दारात ठेवून आले.