सही करायला मीच सांगितलं

चहा घ्या, पण आधी हे ऐका, मनात ठेवून जड झालंय.

शेजारच्या रुक्मिणवहिनींचा गणेश आखातात ड्रायव्हर. मागच्या महिन्यात त्याच्या ट्रकखाली माणूस आला अन् पोलिसांनी धरलं. त्याचा फोन आला तेव्हा मी वहिनींच्याच घरी होते, नेहमीसारखी. "आई, अरबीतला कागद पुढं केलाय, काय करू?" वहिनी गांगरल्या. फोन मीच ओढला. "हात जोड, सही कर, बाळा. साहेबाशी वाद नको." आपल्याकडं ठाण्यात तसंच तर सुटतात लोक! त्यानं केली सही.

परवा अंबाजोगाईच्या वकील मॅडम आपल्या वडवणीच्या शाळेत आल्या, आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायला. ज्यांची पोरं परदेशात हायेत त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. वहिनींना मीच नेलं.

मॅडम म्हणाल्या, "परक्या देशात धरलं, तर आपल्या वकिलातीला, म्हंजे तिथल्या भारताच्या कचेरीला, कळवा म्हणायचा हक्क हाय. अन् न समजलेल्या कागदावर सही करायची न्हाई."

वहिनी उठल्या. "आन् केली असंल तर?"

"अर्ज करू. पण त्यात कबुली असंल तर लई अवघड हाय, मावशी. सही करायला सांगितलं कुणी?"

मी वहिनींकडं बघितलं. वहिनी समोरच बघत म्हणाल्या, "आमाला कुणालाच म्हाईत न्हवतं."

काल तुरुंगातून गणेशचा फोन आला. मी त्यांच्या ओट्यावरून उठले, तवर वहिनी फोन घेऊन आत गेल्या अन् दार लावून घेतलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.